बेलोज म्हणजे भाता : जवळून छायाचित्रण आणि जुन्या स्लाइडच्या प्रती

(पापडी, वसई इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

आजचा विषय थोडा जुन्या वळणाचा आहे. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायचा एक घडीचा भाता असतो, त्याला छायाचित्रकार बेलोज म्हणतात. तो कसा चालतो, त्यातून मोहरीच्या दाण्याएवढी वस्तू मोठी कशी दिसते, आणि घरात पडून असलेल्या स्लाइडची चांगली प्रत त्याच्यावर कशी काढायची, एवढं आपण आज पाहणार आहोत. गणित आहे, पण गुणाकार-भागाकाराच्या पुढे आम्ही तुम्हाला नेणार नाही.

आधी स्लाइडबद्दल दोन शब्द, कारण आज इथे आलेल्यांपैकी बरेच जण त्यासाठीच आले आहेत. आमच्याकडे लोक जे डबे घेऊन येतात त्यांत लग्नाच्या वराती असतात, लाल लुगड्यातल्या आज्या असतात, पानवेलीची वाडी असते, कौलारू घर असतं, सणाची मिरवणूक असते. फोटो काढणाऱ्यानं माणसांचा फोटो काढला, पण मागे विहीर आली, रहाट आला, रस्ता आला. वसई-विरार महापालिका २००९ साली झाली. त्याच्या कितीतरी आधीची वसई या डब्यांमध्ये मागच्या पार्श्वभूमीला उभी आहे, आणि ती विहीर आज बऱ्याच ठिकाणी जागेवर नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. छापील फोटो खराब झाला तर निगेटिव्हवरून दुसरा काढता येतो. स्लाइडला निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यात जी फिल्म होती तीच धुऊन, कापून, पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलेली असते. म्हणजे तुमच्या हातात जी स्लाइड आहे ती जगात एकच आहे. तिचा रंग उडाला की तो कुठूनही परत आणता येत नाही. कोडॅकनं स्लाइड प्रोजेक्टर बनवणं २००४ साली थांबवलं. १९३५ साली आलेली कोडाक्रोम फिल्म २००९ साली बंद झाली, आणि ती धुणारी शेवटची प्रयोगशाळा, अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावची, २०१० च्या डिसेंबरअखेर हे काम थांबवून मोकळी झाली. दाखवायचं यंत्र गेलं, फिल्म गेली, स्लाइड मात्र माळ्यावर आहेत. म्हणून प्रत काढायची, आणि ती लवकर काढायची.

भाता : लोहाराचा, पेटीचा आणि कॅमेऱ्याचा

भाता म्हटलं की आपल्याला लोहार आठवतो, नाहीतर हार्मोनियम. पेटीच्या मागच्या घड्या आठवा. कॅमेऱ्याचा भाताही तसाच घड्यांचा असतो, फक्त त्याचं काम हवा मारणं नाही. लेन्स आणि फिल्म यांच्यातलं अंतर कमी-जास्त करता यावं आणि ते करताना बाहेरचा उजेड आत शिरू नये, एवढंच त्याचं काम. तो म्हणजे लांबी बदलणारा एक काळोखी बोगदा.

पेटी आणि कॅमेरा यांचं नातं नुसतं दिसण्यापुरतं नाही. केरळात आलेप्पीला के. करुणाकरन यांनी १९४० च्या दशकात ‘वागीश्वरी’ नावाचा लाकडी कॅमेरा बनवायला सुरुवात केली. घर वाद्यं बनवणाऱ्यांचं, आणि सुरुवात झाली ती एका स्टुडिओच्या कॅमेऱ्याचा फाटलेला भाता दुरुस्त करण्यापासून. हे कॅमेरे पुढे देशभरातल्या स्टुडिओंमध्ये गेले. जुन्या स्टुडिओत काळ्या कापडाखाली डोकं घालून फोटोग्राफर ज्यातून बघायचा, तो याच जातीचा कॅमेरा.

महाराष्ट्रात भात्याचा सगळ्यात मोठा भाऊ छापखान्यात होता. त्याला प्रोसेस कॅमेरा म्हणत. चित्र समोरच्या फळीवर लावायचं, आणि लांबलचक भाता मागेपुढे करून त्याची हवी त्या मापाची प्रत फिल्मवर किंवा काचेवर घ्यायची. त्यावरून ब्लॉक बनायचा. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच धंद्यात होते. लोणावळ्याजवळच्या राजा रविवर्मा प्रेससाठी त्यांनी काम केलं, मग स्वतःचा छापखाना काढला. चित्राची जेवढ्यास तेवढी प्रत कशी घ्यायची हे त्या काळच्या ब्लॉक बनवणाऱ्याला पाठ असायचं. आज आपण स्लाइडची प्रत काढताना त्याचंच काम लहान मापात करतो.

सगळा खेळ अंतराचा

शाळेत भिंगाचं नाभीय अंतर शिकलो होतो. लेन्सवर ५० मिमी असं लिहिलेलं असतं ते हेच. लांबचा डोंगर स्पष्ट दिसायचा असेल तर लेन्स सेन्सरपासून साधारण ५० मिमीवर लागते. वस्तू जवळ आणली की लेन्स पुढे सरकवावी लागते. साध्या लेन्समध्ये ती थोडीच सरकते, म्हणून आपण फुलाच्या फार जवळ गेलो की चित्र धूसर होतं. भाता ही मर्यादा काढून टाकतो.

सूत्र एकच लक्षात ठेवा. लेन्स अनंतावर लावून ठेवा. मग तिला जितके मिलिमीटर पुढे न्याल, त्याला नाभीय अंतरानं भागा. येणारं उत्तर म्हणजे वस्तू सेन्सरवर किती पट उमटते ते. ५० मिमीची लेन्स ५० मिमी पुढे नेली, तर ५० भागिले ५०, उत्तर १. याला एकास एक म्हणतात. म्हणजे वस्तू जेवढी आहे तेवढीच सेन्सरवर उमटते. २०० मिमी पुढे नेली तर चारपट.

खिशातून सध्याचं एक रुपयाचं नाणं काढा. त्याचा व्यास वीस-बावीस मिमी असतो. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिमी असतो. एकास एकला हे नाणं वरपासून खालपर्यंत जवळजवळ पूर्ण चौकट भरतं. चारपटीला नाण्यावरचा एखाददुसरा आकडाच चौकटीत मावतो. दोन मिमीचा मोहरीचा दाणा त्याच चारपटीला आठ मिमीचा होतो, म्हणजे चौकटीच्या उंचीचा तिसरा हिस्सा.

भात्याला किमान लांबीही असते, हे विसरू नका. घड्या कितीही दाबल्या तरी काही जाडी उरतेच. उदाहरणार्थ, निकॉनचा पीबी-६ हा भाता ४८ मिमीपासून २०८ मिमीपर्यंत जातो. ५० मिमीच्या लेन्सवर तो साधारण एकास एकपासून चारपटीपर्यंत चालेल, पण एकास एकच्या खाली येणार नाही. १०० मिमीची लेन्स लावली तर तोच भाता अर्ध्यापासून दुपटीपर्यंत देईल. लेन्स मोठी केली की पट कमी होते. हे उलट वाटतं, पण भागाकार करून पाहा.

मोठं केलं की काय गमावतो?

पहिली गोष्ट, उजेड. लेन्स सेन्सरपासून लांब गेली की तोच प्रकाश मोठ्या जागेवर पसरतो. हिशेब असा : जितकी पट असेल त्यात एक मिळवा आणि त्याचा वर्ग करा. एकास एकला दोनाचा वर्ग चार, म्हणजे चौपट उजेड हवा. चारपटीला पाचाचा वर्ग पंचवीस, म्हणजे पंचवीसपट! कॅमेरा स्वतः मोजून घेतो, पण तो उजेड कुठून तरी आणावा तर लागणारच.

दुसरी गोष्ट, ॲपर्चर. लेन्सवर एफ ८ लावलं असेल तरी एकास एकला ते प्रत्यक्षात एफ १६ सारखं वागतं, चारपटीला एफ ४० सारखं. छिद्र फार बारीक झालं की प्रकाश कडेला वळतो आणि सगळं चित्रच मऊ पडतं. म्हणून ‘सगळं स्पष्ट यावं’ म्हणून एफ २२ लावायचा मोह टाळा. एकास एकला लेन्सवरचं एफ ५.६ किंवा एफ ८ पुरे.

तिसरी गोष्ट, खोली. एफ ८ ला, एकास एकमध्ये, पुढून मागे जेमतेम एक मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. चारपटीला एफ ५.६ वर तो मिलिमीटरच्या दहाव्या भागावर येतो. मोगऱ्याच्या कळीचं टोक स्पष्ट असेल तर देठ धूसर. यावर उपाय म्हणजे रुळावरून कॅमेरा कणाकणानं पुढे नेत अनेक फोटो घ्यायचे आणि संगणकावर ते जोडायचे. स्लाइडचं सुख असं की ती सपाट असते, त्यामुळे एक मिलिमीटर तिला पुष्कळ होतो.

चौथी गोष्ट, हादरा. चित्र चारपट झालं की थरथरही चारपट होते. शेजारून रिक्षा गेली तरी कळतं. भक्कम टेबल, दोन सेकंदांचा टायमर, आणि जमलं तर फ्लॅश. फ्लॅशचा झोत इतका थोडा वेळ असतो की हादऱ्याला सापडायला वेळच मिळत नाही.

आणखी एक लहानशी पण त्रासाची बाब. कॅमेऱ्याचं काम हवा मारण्याचं नसलं तरी भाता हवा ओढतोच. घड्यांमध्ये धूळ असेल तर ती थेट सेन्सरवर जाते. जुना भाता घेतलात की तो बाहेर उघडा करून आधी नीट झटका. मग अंधाऱ्या खोलीत त्याच्या आत टॉर्च लावून बघा. घडीच्या कोपऱ्यात टाचणीएवढं छिद्र असलं तरी लगेच चमकतं.

कोणती लेन्स लावायची?

बहुतेक साध्या भात्यांतून कॅमेऱ्याचा विजेचा संदेश लेन्सपर्यंत पोहोचत नाही. ज्या नव्या लेन्सवर ॲपर्चरची कडीच नाही, ती इथे उपयोगाची नाही. जुनी, हातानं कडी फिरवायची लेन्स घ्या. एकास एकच्या पुढे जायचं असेल तर तीच लेन्स उलटी लावा. साधी लेन्स लांबची मोठी वस्तू जवळच्या लहान फिल्मवर उतरवण्यासाठी बनलेली असते. आपण वस्तू लहान आणि चित्र मोठं केलं, म्हणजे नातं उलटलं, म्हणून लेन्सही उलटायची. त्यासाठी कडी मिळते.

याहून स्वस्त आणि चांगला पर्याय म्हणजे डार्करूममधल्या एन्लार्जरची लेन्स. ती मुळातच जवळच्या सपाट वस्तूसाठी घडवलेली असते. बंद झालेल्या स्टुडिओंच्या सामानात ५०, ७५, ८० मिमीच्या अशा लेन्स अजून मिळतात. भात्यावर बसवायला फक्त आट्यांची एक कडी लागते.

इथे ज्यांचा कॅमेरा लहान सेन्सरचा आहे त्यांनी कान द्या. तुमचा सेन्सर साधारण २४ बाय १६ मिमीचा आहे. ३६ मिमीची स्लाइड त्यावर पूर्ण मावायची तर पट हवी दोन तृतीयांश. ५० मिमीच्या लेन्सला त्यासाठी ३३ मिमी लांबी लागेल, आणि भाता तेवढा मिटत नाही. स्लाइडच्या कडा कापल्या जातील. तुम्ही ७५ किंवा ८० मिमीची लेन्स घ्या, काम सुरळीत होईल.

स्लाइडची प्रत, पायरीपायरीनं

एक. आधी चौकटीचा फोटो घ्या, मोबाइलनं चालेल. कोडॅकच्या पुष्कळ चौकटींवर फिल्म धुतल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. काही जणांनी पेनानं नावं लिहिलेली असतात. ही माहिती प्रतीत येणार नाही.

दोन. रबरी फुग्यानं धूळ उडवा, मग अगदी मऊ ब्रश. फुंकर मारू नका, थुंकीचे कण जातात. आणि पाणी अजिबात लावू नका. आपल्याकडच्या दमट हवेत स्लाइडवर बुरशी येते. कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसते ती. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो आणि बुरशी तेच खाते. बुरशीनं खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. पुसायला जाल तर चित्रच निघून येईल. अशा स्लाइडची आहे त्या स्थितीत आधी प्रत काढा.

तीन. स्लाइड धरायचा भाग भात्याच्या पुढच्या टोकाला बसवा. कंपन्यांच्या कॉपीअरमध्ये लेन्स आणि स्लाइड यांच्यामध्येही एक छोटा भाता असतो, बाजूचा उजेड अडवण्यासाठी. तो नसेल तर काळ्या कागदाची नळी करा. बाजूचा उजेड स्लाइडच्या चकचकीत अंगावर पडला की काळा रंग राखाडी होतो.

चार. मागे दुधी काच किंवा दुधी ॲक्रिलिक लावा, स्लाइडपासून थोडं अंतर सोडून, म्हणजे काचेवरची धूळ चित्रात उमटणार नाही. त्यामागे फ्लॅश किंवा चांगल्या प्रतीचा एलईडी. घरातला साधा बल्ब नको. ज्या प्रकाशात काही रंगच कमी आहेत, त्यात लुगड्याचा लाल खरा येणार नाही.

पाच. स्लाइडची एक बाजू चकचकीत असते, दुसरी जरा मंद. मंद बाजूला चित्राचा थर असतो. ती लेन्सकडे ठेवली तर चित्र उलटं येतं, ते संगणकावर सुलटं करावं लागतं. कोणतीही एक पद्धत ठरवा आणि डबा संपेपर्यंत बदलू नका. दुकानाची पाटी किंवा गाडीचा नंबर दिसला की लगेच पडताळता येतं.

सहा. चौकटीतून दिसणारा भाग ३६ बाय २४ पेक्षा किंचित लहान, साधारण ३५ बाय २३ मिमी असतो. म्हणून लांबी एकास एकपेक्षा जराशी जास्त ठेवा. स्क्रीनवर चित्र मोठं करून फिल्मच्या दाण्यांवर फोकस करा. चेहऱ्यावर नको. मूळ फोटोतच चेहरा हललेला असेल तर तुम्ही उगाच शोधत राहाल. दाणे स्पष्ट दिसले की स्लाइडवर जे आहे ते सगळं मिळालं.

सात. सगळं हातानं लावा, रॉ फाइल घ्या. उजळ भाग पांढराफेक होऊ देऊ नका, लग्नातल्या पांढऱ्या झग्याची झालर एकदा गेली की गेली. अंधाऱ्या स्लाइडचे दोन फोटो घ्या, एक कमी उजेडाचा, एक जास्त.

आठ. रंग दुरुस्त करा, पण मूळ प्रत तशीच ठेवा. पुष्कळ जुन्या स्लाइड लालसर झालेल्या दिसतात, कारण त्यांतला निळसर रंग आधी उडतो. कोडाक्रोम अंधारात ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते, पण प्रोजेक्टरच्या झोतात लवकर फिकी पडते. त्या काळच्या एक्टाक्रोमचं याच्या उलट, ती नुसत्या डब्यात पडूनही बदलते. म्हणजे ‘आम्ही तर कधी बाहेरच काढल्या नाहीत’ हा भरवसा प्रत्येक फिल्मला लागू पडत नाही.

नऊ. त्याच आठवड्यात घरातल्या मोठ्यांना बसवून विचारा : हे कोण, ही वाडी कोणाची, हा रस्ता कुठला? उत्तरं फाइलसोबत लिहून ठेवा. रंग सुधारायला पुढच्या वर्षीही वेळ मिळेल. नावं सांगणारं माणूस मिळेलच असं नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : मोबाइलनं प्रत काढली तर चालणार नाही का?

उत्तर : नातेवाइकांना पाठवायला चालेल. डब्यात काय आहे याची यादी करायलाही उत्तम. पण मोबाइल चित्राला स्वतःच ‘सुंदर’ करतो, दाणे पुसतो, रंग भडक करतो. जपून ठेवायची प्रत म्हणून ती धरू नका.

प्रश्न : स्कॅनर चांगला की बेलोज?

उत्तर : २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम सेन्सर एकास एकला ३६ मिमीत ६,००० ठिपके घेतो. इंचाला सुमारे ४,२०० झाले. फिल्मसाठीच बनवलेल्या चांगल्या स्कॅनरच्या तोडीचं हे आहे, आणि वेग कितीतरी जास्त. स्कॅनरचा एक फायदा मात्र मान्य करायला हवा. काही स्कॅनर अवरक्त किरणांनी धूळ ओळखून ती चित्रातून काढतात. आपल्याला ती सोय नाही, म्हणून फुग्याची मेहनत जास्त.

प्रश्न : भात्यानं फुलपाखराचा फोटो काढता येईल का?

उत्तर : उडणाऱ्या फुलपाखराचा, नाही. भाता, रूळ, तिपाई सरकवेपर्यंत ते शेजारच्या वाडीत गेलेलं असेल. त्यासाठी मॅक्रो लेन्स बरी. पण २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं नीलवंत घ्या. त्याचा गळून पडलेला पंख वाडीत सापडला, तर चारपटीला त्यावरच्या खवल्यांच्या कौलांसारख्या रांगा दिसतील. ते काम भात्याचं.

प्रश्न : निगेटिव्हही अशाच काढायच्या का?

उत्तर : मांडणी तीच, फक्त फिल्म सपाट धरणारी पट्टी वेगळी. रंगीत निगेटिव्हवर नारिंगी छटा असते, ती काढून चित्र उलटवणं हा संगणकावरचा वेगळा अभ्यास आहे. आधी स्लाइड उरका, कारण त्यांना दुसरा आधार नाही.

प्रश्न : प्रत झाल्यावर मूळ स्लाइड टाकून दिल्या तर? घरात जागा नाही.

उत्तर : टाकू नका. आज तुम्ही २४ मेगापिक्सेलची प्रत काढली, उद्या तुमची नात आणखी चांगली काढेल, पण त्यासाठी मूळ तिच्या हाती लागायला हवं. प्लॅस्टिकच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, पावसाळ्याआधी आणि नंतर पुड्या बदला. डबा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटातही नको. आतल्या खोलीतल्या कपाटाचा मधला कप्पा बरा. शंभर स्लाइड एका चपलेच्या खोक्यात आरामात मावतात. एवढी जागा पापडीतल्या कोणत्याही घरात निघेल.